तीन दिवसांची नोकरी आणि नऊ महिने

नेदरलँड्समध्ये नवीन ओळख झाली, की थोड्याच वेळात एक प्रश्न येतो: "तुम्ही किती दिवस काम करता?" कुठे काम करता, हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याकडे नोकरी एकतर असते किंवा नसते. इथे ती दिवसांत आणि तासांत मोजतात. करारावरच आठवड्याचे तास लिहिलेले असतात: १६, २४, ३२, ३६. इथल्या नोकरदार स्त्रियांपैकी दहातल्या साधारण सात जणी अर्धवेळ काम करतात, आणि त्यात कमीपणा आहे असे कोणालाही वाटत नाही. डॉक्टरही अर्धवेळ असते, शिक्षिकाही आणि बँकेतली अधिकारीही.

आपल्या मंडळींची गोष्ट थोडी निराळी असते. नवरा किंवा बायको 'कुशल स्थलांतरित' म्हणून आइंडहोवनला किंवा आम्स्टलवेनला येते. मागून आलेला जोडीदार, आणि तो बहुतेक वेळा बायकोच असते, आधी भाषेचा वर्ग लावतो आणि मग मिळेल ती नोकरी धरतो. शाळा सुटल्यानंतरच्या पाळणाघरात, दुकानात, गोदामात किंवा एखाद्या कार्यालयात, आठवड्याचे तीन दिवस. करार सात महिन्यांचा, फार तर वर्षाचा. अशा वेळी दिवस राहिले, की पोटात दोन गोष्टींचा गोळा उठतो. एक आनंदाची, आणि दुसरी म्हणजे "आता हे मला ठेवतील का?"

अर्धवेळ, तात्पुरती आणि गर्भार, अशा तिन्ही बाजूंनी ती कमकुवत वाटते. आपल्याला काही हक्क असतील असेच बऱ्याच जणींना वाटत नाही. "पूर्णवेळ थोडीच आहे मी!" असे म्हणून त्या गप्प बसतात. प्रत्यक्षात डच कायद्यात या तीनपैकी पहिल्या गोष्टीने काहीही फरक पडत नाही, दुसरीने थोडा पडतो आणि तिसरीने संरक्षण मिळते. मात्र हे आपोआप झालेले नाही. त्यामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या मुंबईचाही धागा आहे.

घरी बसवण्याचे कायदे

नेदरलँड्स आज मोकळाढाकळा देश म्हणून ओळखला जातो. त्यामुळे स्त्रियांच्या नोकरीबाबत तो पश्चिम युरोपातल्या मागासलेल्या देशांपैकी एक होता, हे ऐकून धक्का बसतो. कारखान्यांतल्या हालांची संसदेने चौकशी केली आणि १८८९ मध्ये श्रमकायदा आला. बाळंतपणानंतर चार आठवडे स्त्रीला कामावर घ्यायचे नाही, असे त्यात होते. हेतू चांगला होता. पण त्या चार आठवड्यांचा पगार कोणी द्यायचा, हे कायदा सांगत नव्हता. म्हणजे विश्रांतीची सक्ती झाली आणि उपासमारही त्याबरोबर आली. बाळंतपणाच्या भत्त्याची सोय आजारपणाच्या विम्याच्या कायद्यातून झाली, आणि तो कायदा लागू व्हायला १९३० साल उजाडले.

दरम्यान वारे उलट दिशेने वाहू लागले होते. १९२४ मध्ये सरकारी सेवेतल्या स्त्रीला लग्न होताच सेवेतून कमी करण्याचा नियम झाला. गर्भारपणापर्यंत थांबायचीही गरज उरली नाही, लग्नाची पत्रिकाच राजीनाम्याचे काम करू लागली. १९३७ मध्ये समाजकल्याण मंत्री कार्ल रोमे यांनी विवाहित स्त्रियांना पगारी कामाची सरसकट बंदी करणाऱ्या विधेयकाचा मसुदा मांडला. स्त्री संघटनांनी कडाडून विरोध केला आणि तो मसुदा कायदा होऊ शकला नाही. पण बाईची जागा कुठे, याबद्दल राज्यकर्त्यांचे मत काय होते, ते त्यातून कळते. १९६० च्या सुमारासही डच विवाहित स्त्रियांमध्ये घराबाहेर नोकरी करणारी दहात एखादीच सापडत असे.

हा नियम मोडला तो कॉरी टेंडेलू या मजूर पक्षाच्या खासदाराने. त्यांचा जन्म सुमात्रातला आणि शिक्षण कायद्याचे. २२ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांनी संसदेत ठराव मांडला, की विवाहित स्त्रीने नोकरी करावी की नाही, हे ठरवणे सरकारचे काम नाही. ठराव ४६ विरुद्ध ४४ मतांनी संमत झाला. फक्त दोन मतांचा फरक! १९३७ चा मसुदा आणणारे रोमे तेव्हा सभागृहात कॅथलिक पक्षाचे नेते म्हणून बसलेले होते. पुढच्याच वर्षी विवाहित स्त्रीला कायदेशीर व्यवहार करण्यास 'अपात्र' मानणारी तरतूद रद्द झाली आणि १ जानेवारी १९५७ पासून हा बदल अमलात आला. त्याआधी नवऱ्याच्या परवानगीशिवाय बाई साधा करारही करू शकत नव्हती. टेंडेलूंना मात्र तो दिवस पाहता आला नाही. १९५६ च्या ऑक्टोबरातच त्या वारल्या.

खर्च कोणाचा?

इथे क्षणभर मुंबईला जाऊ या, कारण जो प्रश्न डच कायद्याला पुढे छळणार होता तो आपल्याकडे आधीच उघडपणे विचारला गेला होता.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे गेले होते नारायण मल्हार जोशी, गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले ना. म. जोशी. याच परिषदेत प्रसूती संरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. बाळंतपणाआधी सहा आठवडे रजेचा हक्क, नंतर सहा आठवडे कामाला बंदी, त्या काळात भत्ता, आणि रजेवर असताना कामावरून काढण्यास मनाई, अशा त्यातल्या मुख्य तरतुदी होत्या. आज आपण ज्याला प्रसूती रजा म्हणतो तिचा सगळा सांगाडा त्यात आला होता. जोशींनी परतल्यावर मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक आणले, पण ते टिकले नाही.

मग हा प्रश्न मुंबई प्रांताच्या विधिमंडळात आला. जुलै १९२८ मध्ये तिथे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, त्यामुळे हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांना मान्य होते. पण ज्या मालकाला बाईच्या कामातून फायदा होतो, त्याला अगदीच मोकळे सोडता येणार नाही, असेही त्यांनी सांगितले. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा, आणि त्यात भत्ता मालकानेच द्यायचा होता. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत बायकांचे प्रमाण घटत गेले. त्याला रात्रपाळीवरची बंदी, यंत्रांतले बदल अशी इतर कारणे होतीच. पण ज्या कामगाराच्या बाळंतपणाचा खर्च आपल्या गल्ल्यातून जाणार, त्याला नेमायला मालक नाखूश असतो, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

हक्क कागदावर आला तरी खर्चाची सोय झाली नाही, तर तो हक्क बाईच्याच अंगावर येतो. डच कायद्याने हा धडा शिकला तो एका खटल्यातून.

डेकर खटला

१९८१ च्या जूनमध्ये डेकर नावाच्या एका स्त्रीने तरुणांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका प्रशिक्षण केंद्रात प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. १५ जूनला तिने निवड समितीला मोकळेपणाने सांगितले, की मला तिसरा महिना आहे. समितीने तरीही सर्वांत योग्य उमेदवार म्हणून तिचेच नाव पुढे पाठवले. १० जुलैला संस्थेचे पत्र आले: नेमणूक होणार नाही.

पत्रात कारणही दिले होते, आणि ते पूर्णपणे पैशाचे होते. कर्मचारी आजारी पडला किंवा बाळंतपणाच्या रजेवर गेला, की संस्था त्याला भत्ता देत असे आणि विमा निधी संस्थेला त्याची भरपाई करत असे. पण निधीच्या नियमांत एक मेख होती. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत कर्मचारी काम करू शकणार नाही, हे नेमणुकीच्या वेळीच दिसत असेल, तर भरपाई नाकारण्याची मुभा निधीला होती. गर्भारपण याच कलमात बसवले गेले. संस्थेचे म्हणणे असे, की भत्ता आमच्या खिशातून गेला तर बदली माणूस नेमता येणार नाही आणि प्रशिक्षणाच्या काही जागा बंद कराव्या लागतील. "बाई म्हणून नाही नाकारले, परवडत नाही म्हणून नाकारले," असा हा युक्तिवाद होता.

स्त्री-पुरुष समान वागणुकीचा डच कायदा तेव्हा नवा होता, १९८० सालचा. त्याच्यामागे युरोपीय समुदायाचा १९७६ चा निर्देश होता. डेकर नुकसानभरपाई मागायला कोर्टात गेली. हार्लेमच्या न्यायालयात ती हरली. ॲम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयातही हरली. मग प्रकरण डच सर्वोच्च न्यायालयात, होगे रादमध्ये गेले, आणि त्याने १९८८ मध्ये मूळ प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवले.

८ नोव्हेंबर १९९० ला निकाल आला. तो वाचताना आज सगळेच सरळ वाटते, पण त्या वेळी त्यातले प्रत्येक वाक्य नवे होते. पहिली गोष्ट: गर्भारपण फक्त स्त्रीलाच येते, म्हणून गर्भारपणामुळे नोकरी नाकारणे हा थेट लिंगभेद आहे. दुसरी: खर्च वाढतो, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही, कारण तो खर्चही गर्भारपणामुळेच येतो. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. त्या जागेसाठी एकाही पुरुषाने अर्ज केला नसला तरी फरक पडत नाही. तोवर भेदभाव सिद्ध करायचा म्हणजे "बघा, माझ्या जागी पुरुष असता तर त्याला घेतले असते" असे दाखवावे लागे. पण गर्भार पुरुष आणायचा कुठून? न्यायालयाने ती तुलनाच रद्द केली. आणि चौथी: मालकाचा हेतू वाईट होता की चांगला, याने काही बदलत नाही. भेदभाव झाला, की जबाबदारी आली.

जूनमध्ये मुलाखत दिलेल्या स्त्रीला या उत्तरासाठी नऊ वर्षे थांबावे लागले. पोटातले ते मूल तोवर शाळेत जात असेल. पण नंतर युरोपभर जिथे जिथे गर्भारपणामुळे नोकरी गेली, तिथे तिथे वकिलांनी याच निकालाचा आधार घेतला.

या निकालाला मर्यादाही होती, हे सांगायला हवे. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने डेन्मार्कच्या एका खटल्यात ठरवले, की रजा संपून कामावर आल्यावर बाळंतपणामुळे जडलेल्या आजारपणात नोकरी गेली, तर ते पुरुषाच्या आजारपणासारखेच धरायचे. छत्रीला अशा रीतीने एक कडा होती, आणि कडेबाहेर पाऊस.

त्याच उन्हाळ्यात, मुंबईची विमाने

डेकरला नकाराचे पत्र आले तो जुलै १९८१. पुढच्याच महिन्यात, २८ ऑगस्टला, दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मीर्झा या खटल्याचा निकाल दिला. एअर इंडियाचे मुख्यालय तेव्हा मुंबईत नरिमन पॉइंटला होते. कंपनीच्या नियमाप्रमाणे हवाई सुंदरीची नोकरी वयाच्या ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न झाल्यास तेव्हा, किंवा पहिल्या गर्भारपणाला संपत असे. यातले जे आधी घडेल ते.

न्यायालयाने गर्भारपणाची अट अत्यंत कडक शब्दांत रद्द केली. पण चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र त्याच निकालात कायम राहिली. म्हणजे १९२४ च्या डच नियमाचा एक तुकडा १९८१ च्या भारतात शाबूत होता. दोन्ही देश एकाच उन्हाळ्यात एकाच प्रश्नाशी झगडत होते आणि दोघांचेही उत्तर अर्धवट होते. म्हणून "आपल्याकडे असे चालते, इथे तसे नाही" असे म्हणताना जरा जपून म्हणावे. इथेही फार दिवस झालेले नाहीत.

अर्धवेळ म्हणजे अर्धा हक्क?

आता तासांच्या प्रश्नाकडे वळू. डच बायका मोठ्या संख्येने नोकरीत आल्या त्या सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत, आणि आल्या त्या अर्धवेळ. पाळणाघरे फारशी नव्हती, शाळा दुपारी सुटत, बुधवारी अर्धा दिवस. १९८२ च्या नोव्हेंबरात वासेनार गावी मालक आणि कामगार संघटनांचा प्रसिद्ध करार झाला: पगारवाढीला आवर घालायचा आणि कामाचे तास वाटून घ्यायचे. अर्धवेळ कामाला त्यातून आणखी चालना मिळाली.

पण या कामाला बराच काळ दुय्यम दर्जा होता. नेहमीच्या आठवड्याच्या एक तृतीयांशाहून कमी तास काम करणाऱ्याला किमान वेतनाचा कायदाच लागू नव्हता. १९९३ पर्यंत ही स्थिती होती. नोव्हेंबर १९९६ पासून तासांच्या संख्येवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी आली. २००० पासून तास कमी किंवा जास्त करून मागण्याचा हक्क मिळाला. २०१६ पासून सुधारित कायद्यानुसार हा अर्ज नोकरीला २६ आठवडे झाल्यावर करता येतो. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांना त्यातून सूट आहे.

म्हणून आठवड्याला आठ तास काम करणाऱ्या स्त्रीलाही प्रसूती रजा तितकीच मिळते जितकी चाळीस तासवालीला: किमान १६ आठवडे. (१९९० पर्यंत ती १२ होती.) भत्ता तिच्या पगाराइतका, एका कमाल मर्यादेपर्यंत शंभर टक्के. पगार कमी म्हणून भत्ता कमी, इतकाच काय तो फरक.

आणि हा भत्ता देते कोण? यूडब्ल्यूव्ही, म्हणजे कर्मचारी विम्याची सरकारी संस्था. गर्भारपणामुळे आजारी पडल्यास त्या काळाचा भत्ताही तीच देते, आणि कामावर लागून किती दिवस झाले हे विचारत नाही. डेकरला ज्या मेखेने अडवले होते ती अशा रीतीने उपटून टाकली गेली. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सांगितलेली गोष्ट, की हा भार मुख्यतः समाजाचा आहे, इथे विम्याच्या रूपाने उभी आहे. आज मालक म्हणाला, की "परवडत नाही", तर त्याला म्हणता येते, की पैसे तुमच्या खिशातून जातच नाहीत.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र सरकारने हा धडा मध्येच विसरून दाखवला. २००४ मध्ये त्यांचा भत्ता बंद झाला आणि २००८ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात बाळंत झालेल्या काही जणी थेट संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-भेदभावविरोधी समितीकडे गेल्या. २०१४ मध्ये समितीने त्यांची बाजू उचलून धरली आणि पुढे सरकारला भरपाई द्यावी लागली.

मुदत संपली, की संपवली?

राहिली तिसरी बाजू: तात्पुरता करार. इथेच आपल्या बहुतेक जणी अडकतात.

कायम करार असेल तर नियम सरळ आहे. गर्भारपणात, रजेच्या काळात आणि कामावर परतल्यानंतर आणखी सहा आठवडे मालकाला नोटीस देता येत नाही. चोरी-मारामारीसारखे तातडीचे कारण किंवा कंपनीच बंद होणे, असे मोजके अपवाद सोडून. चाचणीकाळात ही बंदी लागू नसते, पण गर्भारपण हे कारण तेव्हाही चालत नाही. शिवाय सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारात चाचणीकाळ ठेवताच येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते.

मुदतीचा करार मात्र तारीख आली की आपोआप संपतो. मालकाला काढावे लागत नाही, फक्त गप्प बसावे लागते. मग हक्क कुठला?

याचे उत्तर ४ ऑक्टोबर २००१ ला एकाच दिवशी दोन निकालांतून आले. पहिला डेन्मार्कचा. एका दूरध्वनी कंपनीत सहा महिन्यांसाठी नेमलेल्या स्त्रीने दुसऱ्या महिन्यात सांगितले, की नोव्हेंबरात माझे बाळंतपण आहे. कंपनीने तिला काढले. तिला मुदतीचा बराचसा काळ कामच करता येणार नव्हते आणि तिने नेमणुकीच्या वेळी सांगितले नव्हते, हे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. दुसरा निकाल स्पेनमधल्या लॉस बारिओस या गावचा. नगरपालिकेसाठी लोकांच्या घरी जाऊन घरकामाला मदत करणारी एक अर्धवेळ कर्मचारी होती, छोट्या छोट्या मुदतीच्या करारांवर. गर्भारपणात तिचा करार पुढे वाढवला गेला नाही. न्यायालय म्हणाले, मुदत संपणे म्हणजे काढून टाकणे नव्हे. पण नूतनीकरण न करण्याचे कारण गर्भारपण असेल, तर तो थेट भेदभाव आहे.

आपल्या मैत्रिणीची नेमकी हीच परिस्थिती असते: अर्धवेळ, मुदतीची, गर्भार. लॉस बारिओसच्या त्या बाईने तिच्यासाठी वाट करून ठेवली आहे. फरक फक्त "कारण" या शब्दाचा आहे. आणि कारण कोणी लिहून देत नाही. "काम कमी झाले", "टीम बदलली", "तुमचे काम चांगले आहे, पण..." असेच ऐकायला मिळते. म्हणून कायद्याने पुराव्याचे ओझे वाटून टाकले आहे. कर्मचाऱ्याने संशयाला जागा देणाऱ्या गोष्टी दाखवायच्या. मग भेदभाव झाला नाही, हे सिद्ध करायचे मालकाने.

संशयाला जागा देणाऱ्या गोष्टी म्हणजे काय? समजा, मार्चमध्ये कामाचा आढावा चांगला आला. "करार वाढवू" असे ईमेलमध्ये लिहिले गेले. एप्रिलमध्ये तिने बातमी दिली. मे महिन्यात "वाढवता येणार नाही" असे कळले आणि जूनमध्ये त्याच जागेची जाहिरात लागली. ही चार पत्रे तारखांसकट एकापुढे एक ठेवली, की गोष्ट स्वतःच बोलू लागते. ठेवली नाहीत, तर उरते ती फक्त रडारड.

हक्क मागावा लागतो

डच मानवाधिकार संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत गर्भार किंवा नुकत्याच आई झालेल्या नोकरदार स्त्रियांपैकी ४३ टक्के जणींना गर्भारपणामुळे भेदभाव झाल्याची शक्यता दिसली. त्याआधी, २०१२ मध्ये, तो आकडा ४५ होता. डेकर निकालाला पाव शतक उलटून गेल्यावरची ही स्थिती आहे. कायदा कमी पडला असे म्हणता येत नाही, तो कपाटात राहिला. बहुतेक जणी तक्रार करत नाहीत. काहींना तो भेदभाव होता हेच उमगत नाही, आणि बाकीच्यांना बाळंतपणाच्या तोंडावर भांडण नको असते.

आपल्या मंडळींत याला आणखी एक भीती चिकटते, व्हिसाची. ती बरीचशी अनाठायी आहे. जोडीदाराच्या परवान्यावर राहणाऱ्या स्त्रीचा राहण्याचा हक्क तिच्या तीन दिवसांच्या नोकरीवर टांगलेला नसतो. मालकाविरुद्ध तक्रार केली म्हणून तो धोक्यात येत नाही. जी स्वतःच कुशल स्थलांतरित म्हणून आली आहे तिची गोष्ट वेगळी. नोकरी गेल्यास तिला नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, आणि तास कमी करून घेताना मासिक पगार ठरलेल्या किमान रकमेच्या खाली जाणार नाही, हे तिला पाहावे लागते. पण म्हणूनच तिने गप्प न बसण्याला अधिक अर्थ आहे.

काही तारखा आणि मुदती मात्र पाठ हव्यात, कारण इथले कायदे उदार असले तरी घड्याळाच्या बाबतीत निष्ठुर आहेत. बेकायदा नोटीस रद्द करून घ्यायची असेल, तर दिवाणी न्यायाधीशाकडे दोन महिन्यांच्या आत जावे लागते. मालकाने आपसात संपवण्याचा करार पुढे केला, तर लगेच सही करू नये. केलीच, तर १४ दिवसांत कारण न देता ती मागे घेता येते. "तुम्हीच राजीनामा द्या, तुमच्या दृष्टीने बरे दिसेल," या प्रेमळ सल्ल्याचा अर्थ बेकारी भत्त्यावर पाणी सोडणे, असा असू शकतो. सहा महिने किंवा जास्त मुदतीचा करार पुढे वाढणार की नाही, हे मालकाने महिनाभर आधी लेखी कळवायचे असते. मालकाने करार वाढवला नाही, तर 'संक्रमण भत्ता' देय होतो, आणि २०२० पासून तो पहिल्या दिवसापासून मोजला जातो, तास कितीही असोत. करार संपल्यानंतर दहा आठवड्यांच्या आत बाळंतपणाची अपेक्षित तारीख असेल, तर प्रसूती भत्ता यूडब्ल्यूव्हीकडून तरीही मिळतो. मुलाखतीत गर्भारपण सांगण्याची सक्ती नाही आणि त्याबद्दल विचारण्याचा मालकाला हक्क नाही. मानवाधिकार संस्थेकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत आणि वकील लागत नाही. तिचे मत बंधनकारक नसते, पण न्यायालयात त्याला वजन असते.

हे सगळे वाचून "एवढे कोण करत बसणार?" असे वाटणे स्वाभाविक आहे. पोट वाढलेले, आई भारतातून यायची वाट पाहणे चाललेले, घरात पाळणा जोडायचा राहिलेला. पण या इतिहासात जी नावे आली त्यांच्याकडे पुन्हा एकदा पाहा. डेकर मोठी पुढारी नव्हती, नोकरी हवी असलेली एक बाई होती. लॉस बारिओसची बाई लोकांच्या घरी जाऊन घरकामाला मदत करणारी. त्यांनी चळवळ उभारली नाही. त्यांनी आपले पत्र जपून ठेवले आणि कारण विचारले.

म्हणून पुढच्या वेळी मंडळाच्या हळदीकुंकवाला किंवा पाळणाघराच्या दारात एखादी हळूच म्हणाली, की "माझा करार वाढवला नाही गं, जाऊ दे, तीन दिवसांचीच तर होती," तर तिला "जाऊ दे" म्हणू नका. आधी विचारा, शेवटचा दिवस कधी होता. दोन महिने अजून व्हायचे असतील, तर तिच्यासोबत बसून ईमेल काढा.